न हलता ऐकलेला गंधार

स्टेशनबाहेरच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवरून सोल्डरिंगचा वास आला की मला कांदिवलीच्या घरातली ती दुपार आठवते. भावाने महिनाभर खपून घरीच थेरेमिन बनवलं होतं. या वाद्याला हात लावायचाच नसतो. उजवा हात उभ्या दांडीजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो, आणि डावा हात आडव्या कडीवर खाली आणला की आवाज मिटतो. मी वाजवलं तेव्हा मांजरं भांडल्यासारखं झालं. "कोपर हलवू नकोस गं, नुसती बोटं उघड ना!" भाऊ वैतागला. आत्या खुर्चीत बसून बघत होती. घशाच्या ऑपरेशननंतर तिचं गाणं गेलं होतं, कुजबुज तेवढी उरली होती. गाताना ती हवेत हात फिरवायची, लोक त्याला हसायचेसुद्धा. ती उठली, मला बाजूला सारलं आणि दांडीसमोर हात धरला. षड्ज लागला. बोटं सावकाश उलगडत ती मींडेने गंधारापर्यंत गेली, किंचित पुढे गेली, आणि करंगळी मिटून नेमकी जागेवर आली. मी भान विसरून जवळ सरकले, तसा सूर चढला. "हलू नकोस! सूर बिघडवतेयस," आत्या पूर्वी क्लासमध्ये खेकसायची तशी खेकसली, पण कुजबुजत. मग भावाला म्हणाली, "हे माझ्या खोलीत ठेव." आजही तो वास आला की मी फुटपाथवर थिजून उभी राहते. मागून कुणीतरी ओरडतं, "ओ मॅडम, चला ना!" पण आत्याचा गंधार नीट लागेपर्यंत माझी हलायची हिंमत होत नाही.