सगळ्या बालवाडीचं एकच हृदय

काळाचौकीच्या बालवाडीत द्वारकामावशी घाडींचा धाक असा, की त्यांनी डोळे वटारले की रडणारं पोर हुंदका अर्ध्यावर गिळायचं. त्या बालवाडीत एकदा पोरांचं हृदय तपासायचं यंत्र आलं. छातीला चकती लावायची. ठोके ऐकून कॉम्प्युटरच सांगणार, कुणाच्या हृदयात नको तो आवाज येतोय.

चकती दिसताच पोरांनी भोकाड पसरलं. यंत्रवाल्या नूपुर मॅडम स्क्रीनमध्ये डोकं घालून नावं भरत होत्या. मावशींनी दर पोराच्या वेळी चकती हिसकावून आधी स्वतःच्या छातीला लावली. "बघ मेल्या, खाता काय माका?" तेवढ्यात यंत्र टुंग करायचं आणि मावशींचे ठोके त्या पोराच्या नावावर जमा व्हायचे.

निकाल आला. सगळ्या बालवाडीच्या हृदयात फुसफुस, तीही अगदी एकसारखी! घराघरांत रडारड. मावशीच सगळी वरात घेऊन परळच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी साधी नळी लावून तपासलं, तर एकूण एक पोर ठणठणीत. डॉक्टर चक्रावले.

"पण तेव्हा मावशीलाच लावलेलं," पूर्वी नावाची चिमुरडी म्हणाली.

डॉक्टर नळी घेऊन मावशींकडे वळले. मावशी भिंतीला चिकटल्या. "माका काय झाला नाय! हात लावू नको!" म्हणत त्यांनी चक्क भोकाड पसरलं.

पूर्वीनं डॉक्टरांच्या हातातली नळी ओढून आपल्या छातीला लावली आणि मावशींवर डोळे वटारले.

"बघ मेल्या, खाता काय माका?"