मालकाची बांगडी

अंगात येणं, करणी, भानामती... यातलं मी काहीही मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. कासाराचा धंदा सगळा मापाचा. हात दोन-चारचा असेल तर दोन-चारची बांगडी जाते, दोन-दोनची जात नाही, संपला विषय! तेव्हा पुढचं वाचून कुणी मला भोळी समजू नये. मी माझ्या हाताने जे केलं तेवढंच लिहिते आहे.

जालना तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही औरंगाबादेतच मोडायचो. लग्न होऊन मी भोकरदनला आले आणि सासूबाईंच्या मागे मागे खेड्यांवर बांगड्या भरायला जाऊ लागले. नागपंचमीच्या आधी धावड्याची बस धरायची आणि अलीकडच्या एका खेड्यात उतरून शाळेच्या ओट्यावर बसायचं. गावाचं नाव देत नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत.

आमच्या घराची एक रीत होती. दोन्ही हात भरून झाले की डाव्या हातात वर एक बांगडी आमच्याकडून. तिला मालकाची बांगडी म्हणायचं. ती चढवताना बाईने मनात नवऱ्याचं नाव घ्यायचं, मग आम्ही तिच्या हाताला नमस्कार करायचा. नवरा नसलेल्या बाईला अर्थातच ती नाही.

दुष्काळात, म्हणजे १९७३ च्या उन्हाळ्यात, त्या गावातला भानुदास नाहीसा झाला. थोरला भाऊ नामदेव आणि तो, दोघांत मिळून एक विहीर. पाण्याच्या पाळीवरून चार माणसांदेखत जुंपली आणि नामदेव बोलून गेला, "इथंच गाडून टाकीन तुला." दुसऱ्या दिवशी दुपारी भानुदास भोकरदनला म्हणून निघाला तो आलाच नाही. नाल्यात त्याची एक चप्पल सापडली. पोलिसांनी नामदेवचा उकिरडा उकरला, शेत उकरलं. विहिरी पाहायला तर कुणाला उतरावंसुद्धा लागलं नाही, सगळ्यांचे तळ उघडेच पडले होते! काही मिळालं नाही म्हणून नामदेवला सोडून दिलं. गावाने मात्र सोडलं नाही. त्याच्या घरचं पाणी कुणी पिईना, पोरीला स्थळ येईना.

भानुदासची बायको काशी, पंचविशीची असेल. दोन्ही घरांत एक भिंत सामाईक, पण तिने दिराच्या घराशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

त्या पंचमीला ती ओट्यावर आली तेव्हा बाया कुजबुजायला लागल्या. हिला मालकाची बांगडी कशी भरायची? सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई सोता नको म्हणंस्तवर आपुन कोन ठरवनारे?"

काशी माझ्यासमोर बसली. "आक्का, त्यायनीच मारलंय, मला बराबर ठाऊक हाय. पर म्या डोळ्यानं मढं पाह्यलं न्हाई. तवर भरा."

मी भरली. लोण्यातून जावी तशी गेली.

सहा पंचम्या असंच झालं. तिचा हात मला पाठ झाला होता... दोन-चारचा, अंगठ्याखाली मऊ, डोळे मिटून भरावा असा. पुढे सासूबाई वारल्या, मी एकटीच जाऊ लागले.

१९७९ ची पंचमी. ऊन चांगलं वर आलं होतं, ओट्यावर आठ-दहा बाया होत्या. काशीचे दोन्ही हात नेहमीसारखे भरले. मग मालकाची बांगडी घेतली. अंगठ्याच्या हाडापर्यंत गेली आणि पिचली. होतं असं कधी कधी. दुसरी घेतली, तीही पिचली. तिसरीचे तर दोन तुकडे माझ्याच चिमटीत राहिले. हात सुजलाय का म्हणून दाबून पाहिला, बिलकुल नाही. चौथीला साबण लावला (एरवी मी कुणाला लावत नाही, साबण लागणं म्हणजे आमची नाचक्की), तीही पिचली. त्याच दोऱ्यात ओवलेली पाचवी मी शेजारच्या बाईच्या हातात चढवून पाहिली. तिचा हात काशीपेक्षा जाड, तरी सरळ गेली. काच खराब म्हणावी, तर तेही नाही.

मला घाम फुटला. भुताचा नव्हे... आता हिला काय सांगायचं, त्याचा.

पण मला सांगावं लागलंच नाही. काशी तुकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आज गेले जनू."

एक तुकडा उचलून ती पुन्हा म्हणाली, "आज गेले, म्हंजी कालपस्तोर व्हते."

ती उठली. सामान तिथंच टाकून मीही मागे गेले, का ते मला अजून माहीत नाही. नामदेव ओसरीवर दोर वळत होता. सहा वर्षांत केस पार पांढरे झाले होते. काशीने दिरासमोर पदर पुढे ओढला आणि आत जावेला हाक मारली, "जाऊबाई, पानी द्या."

जाऊ तांब्या घेऊन आली, घाईत अर्धं पाणी उंबऱ्यावरच सांडलं. उरलेलं काशी उभ्या उभ्या प्यायली. "चुकलं माजं, भाऊजी. ते आज गेले, कालपस्तोर व्हते," म्हणाली, आणि डाव्या हातातल्या बांगड्या तिथंच उतरवायला बसली.

भानुदासचा ठावठिकाणा आजतागायत लागलेला नाही. पत्र नाही, निरोप नाही, प्रेत नाही. नामदेवच्या पोरीचं लग्न पुढच्याच वर्षी झालं, बांगड्या मीच भरल्या. कधी कधी वाटतं, त्या दिवशी माझ्याच हाताचं काही चुकलं असेल तर? मग चार पिचलेल्या काचांवर आम्ही एका खुन्याला मोकळं केलं. आणि चुकलं नसेल, तर सहा वर्षं एका निर्दोष माणसाच्या घरचं पाणी टाकलं होतं. दोन्हीपैकी काय, मला सांगता येत नाही.

एवढंच आठवतं, की नामदेवने 'मी निर्दोष आहे' असं तेव्हाही म्हटलं नाही. दोर बाजूला ठेवून तो लहान पोरासारखा रडला आणि त्याने काशीलाच विचारलं, "मंग इतके साल कुठं व्हता गं त्यो?"