विहीर कोणी दिली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही. तुम्ही मध्येच तोडणार नाही, म्हणून असेल.

परतूरच्या लाईनवर आमचं छोटंसं शहर. स्टेशन गावापासून इतकं लांब का, असं नवखा माणूस हमखास विचारतो. उत्तर साधं आहे. कोळशाच्या इंजिनाला पाणी लागायचं, आणि पुरेल एवढं गोडं पाणी एकाच विहिरीला होतं. ती विहीर वेशीबाहेर, म्हणून स्टेशनही वेशीबाहेर. लाईन आली निजामाच्या काळात. पुढे छोटी लाईन जाऊन मोठी आली, इंजिनं बदलली, विहीर बुजवली. आता तिथं मोटरसायकली लावतात. मी इतिहासाचा मास्तर, हे सगळं वर्गात सांगायचो. विहीर कुणाची होती, तेवढं मात्र सांगायचो नाही. पोरांनी कधी विचारलं नाही — पण विचारायलाच कशाला हवं होतं?

मग स्टेशनचं नूतनीकरण निघालं. भिंतीवर स्टेशनचा इतिहास रंगवायचं ठरलं, मजकूर माझ्याकडे आला. मिलिंद म्हणाला, आईला विचार, तिला सगळं ठाऊक आहे. मिलिंद आमच्याच शाळेत गणित शिकवायचा. जालन्याच्या शाळेत आम्ही दोघं वर्षानुवर्षं एकाच पॅसेंजरने गेलो, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. भावापेक्षा जवळचा, असं मी चारचौघांत म्हणतो. म्हणायला काय जातं?

त्याची आई सरूबाई. तिने मला खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि बोलायला लागली. गावच्या विहिरीवर त्यांच्या लोकांना पाणी भरू देत नव्हते, म्हणून तिच्या आजेसासऱ्याने आणि त्याच्या भाऊबंदांनी वेशीबाहेर स्वतःची विहीर खांदली. पुढे रेल्वेचे साहेब पाणी बघायला आले. तेव्हा गावचा पाटील पुढं झाला आणि म्हणाला, विहीर माझी आहे, मी देतो. विहिरीला तारेचं कुंपण पडलं. इंजिनाला पाणी भरताना जे खाली सांडायचं, त्याखाली खांदणाऱ्यांच्या बायका हंडे धरून बसायच्या.

तो पाटील माझा पणजोबा. हे तिला माहीत होतं — मलाही होतं, लहानपणापासून. मी कपातल्या चहाकडे बघत बसलो. तीच म्हणाली, "तुमच्या पंज्याचं नाव नका घेऊ सर. मेल्या माणसाशी काय भांडायचं? आमच्या लोकायनं खांदली, येवढं लिवा. बास."

मी हो म्हणालो.

घरी येऊन आधी खरंच लिहिलं. बढाई म्हणून सांगत नाही. मला खरं लिहिता येत होतं, एवढंच तुम्हाला कळावं. मग चुलतभावाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. भावकीतले बाकीचेही आले. कुणी धमकावलं नव्हतं. कुणाला पत्ताही नव्हता मी काय लिहितोय त्याचा. फार फार तर काय झालं असतं? चार लोक बोलायचे बंद झाले असते. एवढ्यासाठी? हो — एवढ्यासाठीच.

मी शब्द शोधत बसलो. खोटा वाटू नये आणि खराही नसावा, असा. सापडला. 'गावाने आपली विहीर रेल्वेला दिली.' गाव! त्यात सगळेच येतात, असं वाटतं ना? मलाही वाटलं. त्या रात्री मला शांत झोप लागली, हेही सांगून टाकतो.

भिंत रंगवून झाली तसा मिलिंद आईला रिक्षात घालून घेऊन आला. मलाही बोलावलं. तिला वाचता येत नव्हतं, तो वाचून दाखवत होता. त्या ओळीवर तो अडखळला. म्हातारीने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गावानं दिली? आमाला गावात कदी धरलं होतं, सर?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो — निदान असं मला वाटतं.

मी तोंड उघडायच्या आत मिलिंद भडकला. माझ्यावर नाही, रंगाऱ्यावर. "सरानं बराबर लिहून दिलं होतं. तुम्ही बदललं. हा माणूस असं लिहिणारच न्हाई." रंगाऱ्याच्या मोबाइलमध्ये माझ्या अक्षरातल्या मजकुराचा फोटो होता. बाहेरगावचा, रोजावर आलेला माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलं. वाट बघत असावा. मग, "चुकलं असंल साहेब," म्हणून रंगाचे डबे आवरायला लागला.

आणि मी? मी मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, जाऊ दे, मी वर बोलून दुरुस्त करून घेतो.

कुणाशीच बोललो नाही. ओळ अजून तशीच आहे.

सरूबाईने मला पुन्हा कधी विचारलं नाही. घरी गेलो की आधीसारखाच चहा सांगायची. तिला कळलं होतं — मला खात्री आहे. ती वारली तेव्हा मला रडू आलं नाही. लाज वाटली पाहिजे हे समजत होतं, पण तीही नीटशी वाटली नाही. आत काहीच हललं नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाला मिलिंद बोलायला उभा राहिला. आईने स्टेशनचा खरा इतिहास सांगितला होता, म्हणाला, आणि माझ्या या मित्राने जातपात न बघता तो जसाच्या तसा लिहून दिला होता. भिंतीवर तो बदलला दुसऱ्यांनी. लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मला हात जोडून जय भीम केला.

मीही हात जोडले. मग मिलिंदच्या शेजारी बसून जेवलो.