मी केलेलं भाषांतर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला तर नाहीच. तुम्ही परके वाटत नाही, म्हणून बोलतो आहे.

माधव माझा चुलतभाऊ. आम्ही तंजावरची मराठी माणसं, मद्रासला वाढलेली. दोघंही सैन्यात भरती व्हायला गेलो. त्याला घेतलं, मला डोळ्यांपायी परत पाठवलं. पुढे तो कॅप्टन होऊन परतला आणि नुंगंबाक्कम भागात मी शिकवायचो त्याच शाळेत नागरिकशास्त्र शिकवू लागला. माझा विषय! पोरं सारखी त्याच्याभोवती. माझा जळफळाट व्हायचा — किती, ते कसं सांगू?

आणीबाणी चालू होती. नवरात्रात आमच्या घरी बाहुल्यांचा कोलू मांडलेला, समोर सगळे नातलग. माधव बोलायला लागला. "सरकार हुकूम देईल, मिलिटरी ऐकेल, ते बरोबरच. पण आम्ही शपथ घेतलों ती घटनेची. उद्या निरपराध माणसांवर गोळी घाला म्हटलं, तर तो हुकूम मानायचा नाही दा!" आम्हाला कसली भीती? बाहेर तमिळ, आणि लपवायचं ते 'अरे'ऐवजी 'दा' म्हणणाऱ्या आमच्या मराठीत — ही आमची जुनी सवय. सगळे भारावून ऐकत होते. ऐकता ऐकता माझी बायको मला कॉफी द्यायची विसरली. हसू नका. तेच मला लागलं.

'सरकार', 'मिलिटरी' एवढे शब्द खालच्या बिऱ्हाडात कुणाच्या तरी कानी पडले. काही दिवसांनी इन्स्पेक्टरनं मला बोलावलं. त्याच्याकडे मराठी कळणारं कुणी नव्हतं. भाऊ काय म्हणाला, असं त्यानं तमिळमध्ये विचारलं.

घरगुती गप्पा होत्या — एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं ना? मी सांगितलं, सैनिकांनी सरकारचा हुकूम मानू नये, असं म्हणाला. निरपराध माणसं मी गाळली. मला कुणी मारलं नव्हतं, धमकावलंही नव्हतं. उलट कॉफी दिली होती.

माधवला नेलं. खटला नाही, जामीन नाही. कोर्टात दाद मागायचा हक्कच तेव्हा उरला नव्हता. आणीबाणी उठल्यावर सुटला तो खंगलेला, नोकरी गेलेला. त्याचे तास मला मिळाले होते. मूलभूत हक्कांचा धडा मी निवृत्त होईपर्यंत शिकवला.

मला बोलावलं होतं, हे घरात ठाऊक होतं. दर कोलूला माधव येई, सगळ्यांदेखत माझा हात धरी. "तिथे तू होतास, म्हणून थोडक्यात सुटलों दा. दुसरा कुणी काय सांगता, कोण जाणे." बायको माझ्याकडे कौतुकानं पाही आणि पहिली कॉफी मला देई.

मी ती प्यायचो.