माघातली शतावरी

दुधात शतावरी उकळल्याचा गोडसर, मातकट वास कुठूनही आला, की मला निंबोल्यातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. माझी लेक भादव्यात झाली. सासूबाईंनी भर पावसात टेकडीवरून शतावरीच्या मुळ्या खणून आणल्या, रोज दुधात उकळून ते दूध मला पाजलं, तरी अंगावर पुरेसं दूध आलं नाही. लेक रडून रडून झोपायची. मग माघात धाकटी जाऊ बाळंत झाली. तिच्यासाठी मुळ्या त्याच टेकडीवरून आल्या, पण या चांगल्या जाड, पांढऱ्या आणि भरलेल्या होत्या. थोड्याच दिवसांत तिचा पदर सारखा ओला राहू लागला आणि माझा जीव जळू लागला. "माझ्या वेळी अशा का नाही आणल्या?" मी सासूबाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, "बाई, तुझ्या टायमाला झाड वाढत होतं. सगळा कस पाल्यात, मुळीत निरं पाणी. थंडीत पाला सुकला, की कस खाली उतरतो. भादव्यात थंडी कुठून आणू मी?" ते पटलं, पण जळणं थांबलं नाही. त्याच दुपारी जाऊ म्हणाली, "ताई, द्या ना तिला इकडे, माझं दूध वाया चाललंय." मी लेकीला तिच्या मांडीवर दिलं. लेक घटाघटा प्यायली आणि जावेचं बोट घट्ट धरून तिथेच झोपली. ते बोट सोडवावंसं वाटलं, पण ती उठेल म्हणून मी नुसती बसून राहिले. आता लेक कॉलेजसाठी बुऱ्हाणपुरात त्याच काकूकडे राहते. रोज फोन करते. मी सगळं विचारते, फक्त जेवलीस का, एवढं विचारत नाही.