भरतीरेषेच्या अलीकडे

लेस्टरच्या अंगणातून समुद्र दिसतो. तेच वाईट होतं.

जामिनाची अट साधी होती. खटला संपेपर्यंत पाण्यात पाय घालायचा नाही, भरतीची ओली रेषा ओलांडायची नाही, बुडी मारायचं सामान घरात ठेवायचं नाही. मत्स्यखात्याची माणसं पाण्यातला चष्मा, आखूड पहार, जाळीची पिशवी सगळं घेऊन गेली. भिंतीवर खिळे तेवढे राहिले. सकाळी उठून लेस्टर खिळ्यांकडे बघायचा, मग समुद्राकडे, मग पायरीवर बसून राहायचा. आयुष्यभर अंग मोडून काम केलेल्या माणसाला बसणं जमत नाही. कंबर बसून जास्त दुखते.

"तुझ्या कुत्रीला शिकव बुडी मारायला," कुंपणापलीकडून चुलतभाऊ रेग म्हणाला. "तिला कुठं जामीन आहे?"

"ती तुझ्यावर गेलीय. खायला पुढं, पाण्याला मागं."

रेग हसला. मग म्हणाला, "पाणी बघितलंस? नुसतं तळं झालंय."

लेस्टरने बघितलं होतं. पश्चिमेचा वारा लाटा दाबून बसला होता. टेकडीवरची बाभूळ फुलून पिवळी झाली होती, म्हणजे मटणमासा भरला होता. नावाला मासा, खरा तो खडकाला चिकटणारा तळहाताएवढा शिंपला. दुधाचे दात पडायच्या वयापासून लेस्टर त्यासाठी बुड्या मारत होता. हवेची टाकी कधी लावली नाही. एका श्वासात खाली जायचं, कपारीत हात घालून चाचपायचं आणि तो बेसावध असतानाच पहार खाली सरकवायची. पहिला घाव चुकला की तो खडक धरतो. मग जोर करून उपयोग नाही. माणूस दमतो, तो दमत नाही. उलटा केलेला दगड परत पालथा घालायचा. मांस पाण्याच्या कडेलाच काढायचं आणि आतडी समुद्राला द्यायची.

मधली काही वर्षं त्याने शेतांवर शेंगा तोडल्या, करवतीच्या गिरणीत ओंडके ओढले. शेतांवर यंत्रं आली, गिरणी बंद पडली. समुद्र बंद पडला नव्हता. पिशवीतलं पहिलं म्हाताऱ्यांच्या दारी जायचं, मग पोराबाळांच्या घरी. उरलेलं बेकरीवाल्याला, बटाटेवाल्याला, गाडी दुरुस्त करणाऱ्याला. त्यांच्याकडून पाव, बटाटे, जुना टायर. त्याच्या आज्याचंही असंच चालायचं. कायदा म्हणतो, आपल्यापुरते थोडे घ्या. पण लेस्टरने आपल्यापुरतं कधी काढलंच नव्हतं. सगळ्या गल्लीचं ओझं त्याच्या एकट्याच्या पिशवीत, म्हणून तो सापडला. बोटीवरच्या यंत्रातून हवा घेऊन बुडी मारणारे परवानेवाले टोपल्या भरून नेत होते. ते मटणमासे विमानाने परदेशी जात.

हेही एक वेळ सोसलं असतं. पण शेजारी आयव्ही मावशी होती.

आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवला. आता दवाखान्यातून परत आली होती, ती निम्मी होऊन. सूप दिलं तर चमचा बाजूला ठेवायची. तिने काही मागितलं नाही. बुडी मारणाऱ्याकडे मागायचं नसतं. त्याने बघायचं आणि आणायचं. ती नुसती फाटकात बसायची आणि लेस्टर मान खाली घालून समोरून जायचा. एकदा तरी शिवी द्यावी तिने, असं त्याला वाटे.

त्या दिवशी ओहोटीला फाटक रिकामं दिसलं.

ती खडकावर होती. झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, हातात मेलेल्या नवऱ्याची पहार. लेस्टर पळत उतरला आणि भरतीने टाकलेल्या वाळक्या शेवाळाच्या रेषेवर थांबला. वर टेकडीवर मत्स्यखात्याची गाडी उभी होती.

"मावशी, मागं फिर!"

"तू तिथंच थांब. बघ आणि शीक."

"या वयात?"

"तू कधी शिकलास वेळेवर?"

ती गुडघाभर पाण्यात वाकली. लोखंड खडकावर खणकन वाजलं. त्या आवाजावरूनच लेस्टरला कळलं, घाव चुकला. शिंपल्याने पहारीसकट खडक धरला. म्हातारी दोन्ही हातांनी ओढू लागली.

"सोड ती पहार!"

"तुझ्या काकाची आहे!"

भरती लागली होती. पाणी तिच्या मांड्यांना लागलं. एक लाट आली, तिचा एक पाय निसटला, तरी पहार सुटली नाही. लेस्टरने टेकडीकडे बघितलं. गाडीचं दार उघडलं होतं.

तो पाण्यात गेला.

तिचं वजन काहीच नव्हतं. त्याने तिला उचलून कोरड्या दगडावर बसवलं. ती कुडकुडत होती. त्याने अंगातला सदरा काढून तिला गुंडाळला.

"आणि तो?" तिने खडकाकडे हनुवटी केली.

मागणं म्हणावं असं तिच्या तोंडून हे पहिलंच.

लेस्टर परत गेला. कमरेपर्यंत पाण्यात उभा राहिला. पहारीला हात लावला नाही. धरलेला शिंपला ओढून निघत नाही. त्याला विसरू द्यावं लागतं. पाणी बर्फासारखं होतं. मागे वाळूवर बुटांचा आवाज आला.

"लेस्टर, बाहेर ये. अट मोडलीस तू. आता आत जावं लागेल, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. थांबा. तो अजून धरून आहे."

अधिकारी थांबला. पायात बूट होते, त्याला पाण्यात यायचं नव्हतं. लेस्टरच्या पायांची जाणीव गेली. मग शिंपला किंचित उचलला. लेस्टरने मनगट वळवलं. तेवढंच.

कडेला बसून त्याने मांस काढलं. आतडी पाण्यात सोडली. खडकावर पहारीच्या पाठीने मांस ठेचून मऊ केलं. मावशीचे दात आता थोडेच होते. घाई केली नाही.

"लवकर," अधिकारी म्हणाला.

लेस्टरने मांस मावशीच्या ओंजळीत ठेवलं आणि उभा राहिला. तिने एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चावला.

"थोडं अजून ठेचायला हवं होतं," ती म्हणाली.

"आल्यावर ठेचतो," लेस्टर म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला.