बोयाची पट्टी

मुंबईत नोकरीची सगळी वर्षं मी ज्या गल्लीत काढली, ती रोज पहाटे झाडली जायची. दूध आणायला खाली उतरलं की रस्त्यावर खराट्याच्या ताज्या रेघा दिसायच्या आणि बरं वाटायचं. झाडलेला कचरा पुढे जातो कुठे, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं शोधत बसायचे, पण हा प्रश्न घेऊन कुणी आलं नाही आणि मलाही तो पडला नाही.

निवृत्त होऊन थळच्या अलीकडच्या या गावात, समुद्राकाठी राहायला आले आणि उत्तर थेट पायाशीच येऊन पडलं. गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत आणि खाडीतून समुद्रात गेलेली मुंबई पावसाळी वाऱ्याबरोबर आमच्या वाळूवर येते. चपला, गुटख्याच्या पुड्या, औषधांच्या बाटल्या, एखाद्या बाहुलीचं डोकं. सकाळी हवा स्वच्छ असली की पाण्यापलीकडे शहराच्या इमारती दिसतात. लांबून फार नीटनेटक्या दिसतात.

गाव या कचऱ्याबद्दल फारसं बोलत नाही. त्यातलं उपयोगाचं तेवढं उचलतं. तेलाचे आणि रंगाचे प्लास्टिकचे कॅन तर कोळ्यांना हवेच असतात. बूच घट्ट लावून, दोरी बांधून त्यांचे बोये करतात. समुद्रात लावलेलं जाळं बोयांच्या आधाराने तरतं, आणि ते कुठे आहे हेही वरून कळतं. पण कॅन सगळ्यांचे सारखेच, शहराने काही नावं घालून पाठवलेले नसतात. म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. घरातल्या बाईचं जुनं लुगडं फाडून त्याची पट्टी बोयाच्या दोरीला बांधायची. लांबून होडीवरून नुसता रंग दिसला तरी माणूस सांगतो, हा अमक्या घरचा बोया. बाईने समुद्रावर जायचं नाही, पण तिचं लुगडं जातं.

माझ्या शेजारचे काका एकटे आहेत. काकी गेल्या त्याला वर्ष होत आलं. मुलगा आणि सून नवी मुंबईत असतात. मुलगा फोनवर दर वेळी म्हणतो, बाबा, आता बस झालं, इकडे या. काका दर वेळी म्हणतात, हंगाम झाला की येतो. काकींची लुगडी बाराव्याला वाटून टाकली होती. एक हिरवं तेवढं काकांनी ठेवून घेतलं होतं. या वर्षी जाळं लावायच्या आधी त्यांनी ते माझ्या ओट्यावर बसून फाडलं. कापड फाटतानाचा आवाज मोठा होता. तो संपल्यावर काही तरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "पुढच्या वर्षी कुणाचं फाडणार, काका?"

"सून पंजाबी घालते," काका म्हणाले. "ओढणी बांधू का बोयाला? मासं पलून जातील."

मग स्वतःच हसले, आणि सगळ्या पट्ट्या मांडीवर सारख्या करत बसले.

गणपतीच्या दिवसांत ते तापाने पडले, म्हणून जाळं लावायचं राहिलं. ताप उतरला तेव्हा अमावास्येचं उधाण तोंडावर होतं. पाण्याला ओढ असते ती उधाणात. ते चुकलं की पाणी मंदावतं आणि जाळं नुसतं भिजत राहतं. काकांनी बोये, पट्ट्या बांधून, किनाऱ्याच्या दक्षिणेकडच्या टोकाला होडीशेजारी मांडून ठेवले. सोमवारी सकाळी निघायचं ठरलं.

आदल्या दिवशी, रविवारी, शहरातून स्वच्छता मोहीम आली.

बसगाड्या भरून तरुण मुलंमुली आली होती. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, हातात रबरी मोजे. शाळेमागे मांडव घातला होता. मागच्या फलकावर पाहुण्यांचे चेहरे इतके मोठे होते की समुद्राला कोपऱ्यात जेमतेम जागा मिळाली होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पुष्पगुच्छ देऊन पाहुण्यांचं स्वागत झालं. पाहुण्यांनी प्लास्टिकच्या दुष्परिणामांवर बाटलीतल्या पाण्याचे घोट घेत भाषण केलं. गावातली शिकलेली बाई म्हणून मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. मांडवातून किनाऱ्याचं दक्षिण टोक दिसत नव्हतं. मांडव कुठलाही असो, त्यातून बाहेरचं फारसं दिसत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं, मुलं मनापासून राबली. दुपारी मी किनाऱ्यावर आले तेव्हा वाळू इतकी मोकळी होती की क्षणभर ओळखू आली नाही. काका सकाळीच चौलला नात्यात बाराव्याला गेले होते, ते तेवढ्यात परतले. होडीजवळ उभे राहून ते वाळूकडे बघत होते. होडी होती. तिच्या शेजारी काही नव्हतं.

"बाय, माजे बोये?"

बाजारातून रिकामी पाटी घेऊन परतणारी कोळीण थांबली. तिने एकदा वाळू पाहिली, एकदा काकांचा चेहरा, आणि बसगाड्यांच्या दिशेने आवाज चढवला. "कचरा न्यायला आलं नि संसार उचलून नेला मेल्यांनी! उद्या होडी पन न्या, ती पन जुनी हाय!"

मोहिमेची प्रमुख असलेली मुलगी धावत आली. विशी-बाविशीची, उन्हाने तोंड लाल झालेलं. प्रकरण कळल्यावर तिचा आवाज बारीक झाला. "काका, खरंच सॉरी. कळलंच नाही. आम्ही तुम्हाला नवे कॅन देतो ना. अगदी कोरे."

"कॅन काय," काका म्हणाले, "उद्याच्या भरतीला तुमची मुंबई धाडील पायजे तेवढे. त्यांना पट्ट्या व्हत्या."

"पट्ट्या म्हणजे, त्या कापडाच्या?" मुलगी घुटमळली. "त्या... आम्ही सगळं वेगळं केलं. प्लास्टिक वेगळं, दोऱ्या वेगळ्या, कापड वेगळं."

पुस्तकांचं वर्गीकरण करण्यात माझी सगळी नोकरी गेली. कुठलीही गोष्ट योग्य कप्प्यात ठेवल्याचं समाधान मला चांगलं ठाऊक आहे. त्या मुलीनेही शिकवलं होतं ते अगदी बरोबर केलं होतं.

कचरा ट्रॅक्टरने गावाबाहेरच्या जुन्या खाणीत नेऊन टाकला होता. काका, मी आणि ती मुलगी, आम्ही तिघं तिकडे गेलो. कॅनचा ढीग लगेच सापडला. काकांनी त्यातले पाहिजे तेवढे बाजूला काढले, आपले की दुसऱ्याचे हे बघितलंही नाही. दोऱ्या गुंता होऊन पडल्या होत्या, त्यांतूनही कामापुरत्या सुटल्या. मग ते कापडाच्या ढिगाकडे वळले.

विसर्जन होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. मखरांची, आसनांची, मांडवांची कापडं भरतीने आणून टाकली होती आणि मुलांनी ती इमानाने गोळा केली होती. सगळं ओलं, वाळूने जड झालेलं. लाल कापड पुष्कळ, पिवळं पुष्कळ, आणि हिरवंही पुष्कळ. काका उकिडवे बसून एकेक चिंधी उचलायचे, झटकायचे, बाजूला ठेवायचे. मीही बसले. मुलगी थोडा वेळ उभी राहिली, मग तीही बसली. बसचा भोंगा दोनदा वाजला. तिने फोन करून सांगितलं, तुम्ही निघा, मी मागून येते.

ऊन कलायला लागलं तेव्हा काकांच्या हातात एक पट्टी राहिली. हिरवी होती. एक कड फाडलेली, दुसरीला काठाचा बारीक धागा. त्यांनी ती पिळली, गुडघ्यावर पसरली आणि अंगठ्याने सारखी केली.

"हीच का, काका?" मी विचारलं.

त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली. मीही पाहिलं. ते लुगडं मी रोज कुंपणापलीकडे वाळत घातलेलं पाहिलं होतं, तरी मला सांगता आलं नसतं. कुठल्या तरी गणपतीमागच्या पडद्याचीही असेल.

"खाऱ्या पान्यात सगली एकसारखीच व्हतात," ते म्हणाले.

"मग?"

"मंग काय. आता हीच."

त्यांनी एक कॅन पुढे ओढला. तो हलू नये म्हणून मुलीने हातातले मोजे काढून दोन्ही हातांनी धरला. काकांनी पट्टी दोरीला गुंडाळली, गाठ मारली, तिच्यावर आणखी एक गाठ मारली आणि दोन्ही टोकं ओढून पाहिली. बाकीच्या बोयांना त्यांनी काहीच बांधलं नाही. ते तसेच बिनखुणेचे खांद्यावर टाकले. पट्टीचा बोया तेवढा हातात घेतला आणि आमच्या पुढे घराकडे चालू लागले. सकाळी पाण्याला ओढ लागायच्या आत त्यांना निघायचं होतं.